बंकरच्या वळणात अडकलेला ग्रॅनाइट

ग्रॅनाइट अडकला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. अडकला तोही असा, की पुढे जाईना आणि मागेही येईना.

"मॅडम, दरवाजा तुम्हीच मोजला होता ना?" घारेसाहेबांनी विचारलं. अगदी शांतपणे. मालक इतक्या शांतपणे विचारायला लागला की कन्सल्टंटने आपली बॅग कुठे ठेवलीय ते बघून घ्यावं.

"मोजला होता. चार फूट दोन इंच. ग्रॅनाइट साडेतीन फूट. आरामात जातो."

"मग?"

"दरवाजातून गेलाच की साहेब. वळणात अडकलाय."

घारेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग वळणाकडे बघितलं, मग ऑफिसात जाऊन पाणी पिऊन आले.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. राहते चिंचवडला आणि काम करते भोसरीपासून चाकणपर्यंत, जिथे बोलावतील तिथे. जुनी शेड, जुनी टाकी, जुना पूल, काहीही असो. मी जाते, भिंतींवर हातोडी मारते आणि त्या अजून किती दिवस उभ्या राहतील ते कागदावर लिहून देते. या हातोडीला रिबाउंड हॅमर म्हणतात. नावाला हातोडी, दिसायला जाडसर टॉर्च. आत स्प्रिंग असते. काँक्रीटवर दाबली की आतला दांडा आपटून उसळतो. जास्त उसळला तर काँक्रीट कडक, कमी उसळला तर भुसभुशीत. सव्वीस वर्षं मी हेच करतेय, आणि माझ्या सासूबाईंना अजून वाटतं की मी कॉम्प्युटरवर काहीतरी करते.

घारेसाहेबांची कंपनी तळवड्यात, चिखलीच्या अंगाला आहे. गाडीच्या स्टिअरिंगमध्ये बसणारे छोटे पार्ट बनवतात. माणसं पस्तीस, प्रेस मशीन सहा आणि कस्टमर एकच, पण मोठा. हा कस्टमर दर सहा महिन्यांनी ऑडिटर पाठवतो. ऑडिटर येतो, चहा घेतो, चुका काढतो आणि जातो. त्या चुकीला एनसी म्हणतात. घारेसाहेबांना सलग दोन ऑडिटमध्ये एकच एनसी मिळाली होती. तिसऱ्यांदा तीच मिळाली, तर पार्ट दुसऱ्या कंपनीकडे जाणार होता. पार्ट गेला की सहा प्रेस बंद, आणि पस्तीस माणसं घरी.

एनसी होती सीएमएमबद्दल. सीएमएम म्हणजे मोजमापाचं मशीन. खाली काळ्या ग्रॅनाइटचं जाडजूड टेबल असतं, वर एक नाजूक सुई. ती पार्टला हळूच टेकते आणि माप सांगते, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे मायक्रॉनमध्ये. आता हे मशीन फार नखरेल. त्याला खोलीत कायम वीस अंश तापमान लागतं, कारण बोटभर लोखंडसुद्धा एका अंशाला मायक्रॉनभर फुगतं. शिवाय त्याला हादरे चालत नाहीत. घारेसाहेबांनी ते ठेवलं होतं पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात, प्रेसपासून चाळीस पावलांवर.

"सकाळी ओके, दुपारी रिजेक्ट," क्वालिटीचा पवार मला सांगत होता. पवार नांदेडचा, इथे येऊन सहा-सात वर्षं झाली, पण बोलणं तिकडचंच. "पार्ट तोच, मशीन तीच, मी बी तोच. रीडिंग तेवढं बदलायलंय. ऑडिटर माझ्याकडं असा बघतो, जसं मीच पार्ट फुगवायलोय."

तर माझा आणि या कंपनीचा संबंध आला तो तीन महिन्यांपूर्वी, वेगळ्याच कामासाठी. प्लॉटच्या मागच्या बाजूला एक बंकर आहे. महायुद्धाच्या वेळी लष्कराने इकडच्या जमिनी काही वर्षांसाठी घेतल्या होत्या, असं गावातली जुनी माणसं सांगतात. तेव्हा बांधलेला. लष्कर गेलं, जमीन शेतकऱ्यांना परत मिळाली, बंकर तिथेच राहिला. घारेसाहेबांनी हा प्लॉट गेनूआबा म्हणून एक म्हातारे आहेत त्यांच्या घरच्यांकडून भाड्याने घेतला. शेड वाढवायची म्हणून बंकर पाडायचं ठरलं. पहिल्या ठेकेदाराच्या काँक्रीट फोडायच्या ब्रेकरचं टोक दुसऱ्या दिवशी तुटलं. दुसऱ्याने बंकरला एक चक्कर मारली, चहा घेतला आणि परत आलाच नाही. मग मला बोलावलं.

मी बंकर बघितला आणि खरं सांगते, प्रेमात पडले.

असलं बांधकाम आता कोणी करत नाही. भिंती तीन फुटांच्या. छत त्याहून जाड, कारण बॉम्ब वरून पडतो. दोन बाजूंना भिंतीला टेकून मातीचा उतार दिलेला, स्फोट बाजूला झाला तर धक्का मातीत जिरावा म्हणून. खिडकी एकही नाही. हवेसाठी भोकं आहेत, पण तीसुद्धा वाकडी, आरपार दिसणार नाहीत अशी. आणि पुढचा दरवाजा सरळ आत उघडत नाही. दरवाजातून आत गेलं की समोर भिंत. डावीकडे वळायचं, चार पावलं चालायचं, मग उजवीकडे वळायचं, तेव्हा खोली येते. कारण साधं आहे. स्फोटाचा दणका सरळ धावतो, त्याला वळता येत नाही. दारात बॉम्ब फुटला तरी आतला माणूस वाचावा, म्हणून हे वळण. ज्याने कोणी हे ड्रॉइंग काढलं, त्याला मी मनातल्या मनात सलाम केला.

बाहेर अडतीस अंश होतं. आत मला शाल हवीशी वाटली. प्रेस चालू असताना जमिनीवर हात ठेवला, तर काही कळत नव्हतं. तिथेच डोक्यात आलं.

"साहेब, हे पाडू नका," मी घारेसाहेबांना म्हणाले. "सीएमएम इथे ठेवा."

पवारने आठवडाभर आत थर्मामीटर ठेवला. दिवस-रात्रीत अर्धा अंशही फरक नाही. तो कागद घेऊन कंपनीभर हिंडत होता, पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा. मीही घरी ही कल्पना नवऱ्याला दोनदा सांगितली. मी रिपोर्ट दिला, आत रंग झाला, लाइट आले, एक छोटा एसी बसला. आणि गुरुवारी मशीन हलवायचं ठरलं, कारण गुरुवार म्हणजे आमच्या भागातली साप्ताहिक सुट्टी. शेड रिकामी. ऑडिट पुढच्या मंगळवारी.

आणि गुरुवारी साडेदहाला ग्रॅनाइट वळणात अडकला.

ग्रॅनाइट साडेतीन फूट रुंद आणि सहा फूट लांब. बोळ चार फुटांचा. सरळ जातो, वळत नाही. शाळेतल्या पोरानेही कागदावर काढून सांगितलं असतं. जड मशीन हलवणारे अस्लमभाई आले होते. ते टेबलाखाली लोखंडी चाकं सरकवून मुंगीच्या चालीने मशीन नेतात. त्यांनी टोपी मागे सारली.

"मॅडम, हे सोफ्यासारखं उभं करून फिरवता येत नाय. कंपनीवाले बोलले, तिरपं केलं तर वॉरंटी खलास."

"माहितीये भाई."

"मग वळण कोणी मोजलं?"

त्या वेळी तिथे माझ्यासकट सहा जण उभे होते. चौघांच्या खिशात टेप होती, पवारच्या खिशात व्हर्निअर. केसाची जाडी मोजून दाखवणारी कंपनी आणि भिंतींचे निकाल देणारी इंजिनिअर. सगळ्यांनी दरवाजा मोजला होता. मी तर तीनदा. ज्या वळणाचं मी सगळ्यांना कौतुक करून सांगत होते, की यातून बॉम्बचा दणकासुद्धा आत जाऊ शकत नाही, त्यातून ग्रॅनाइट कसा जाईल हा विचार कोणाच्याच डोक्यात आला नाही. ग्रॅनाइट परत बाहेर काढायलाच दोन तास गेले.

मग ऑफिसात बसलो. घारेसाहेब, पवार आणि मी. हिशोब सोपा होता. मशीन आत गेल्यावर एक दिवस नुसतं थंड होऊ द्यावं लागतं. मग एक दिवस कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर मोजतंय की नाही त्याची परीक्षा. म्हणजे शनिवार संध्याकाळपर्यंत ग्रॅनाइट आत हवा.

"भिंत कापा," घारेसाहेब म्हणाले.

"हिऱ्याच्या वायरने कापतात. मी फोन केला होता. त्यांची मशीन पुढच्या आठवड्यापर्यंत बिझी आहेत."

"ब्रेकर?"

"ब्रेकरचं काय झालं ते तुम्ही बघितलंय. आणि दोन बाजूंना माती आहे. पुढे वळण आहे."

"मागची भिंत?" पवारने विचारलं आणि लगेच स्वतःच जीभ चावली.

"मागचं नाव काढू नकोस," घारेसाहेब म्हणाले. "देव आहे तिथे."

बंकरच्या मागच्या भिंतीला लागून शेंदूर लावलेला एक दगड आहे. शेजारच्या वाडीतले लोक त्याला म्हसोबा म्हणतात. कंपनीतली पोरं म्हणतात बंकरोबा. दर मंगळवारी घारेसाहेब स्वतः नारळ फोडतात, आणि नवीन मशीन आलं की त्याचा पहिला पार्ट बंकरोबासमोर ठेवला जातो. भिंतीलाही कमरेपर्यंत शेंदूर चढलेला.

मी माझा रिपोर्ट उघडला. त्यात माझ्या सहीने लिहिलं होतं, चारही भिंती समान दर्जाच्या, उत्तम स्थितीत. तेवढं वाचून मी फाइल मिटली, कारण मला एक गोष्ट आठवली आणि कान गरम झाले. मी तीन भिंतींवर बारा-बारा ठिकाणी हातोडी मारली होती. दोन बाजूंच्या आतून, पुढची बाहेरून. मागच्या भिंतीला आतून मारायची राहिली, कारण तेव्हा तिथे जुन्या पोत्यांची थप्पी होती. म्हटलं, बाहेरून मारू. बाहेर गेले, देव दिसला, चप्पल काढून हात जोडले. शेंदराच्या शेजारी हातोडी मारणं बरं दिसेना. तीन सारख्या आहेत म्हणजे चौथीही तशीच असणार, असं म्हणून गाडीत बसून तेवढं वाक्य लिहून टाकलं. सव्वीस वर्षांच्या कामात मी ज्युनियर पोरांना ज्या गोष्टीसाठी सगळ्यात जास्त झापलंय, नेमकी तीच.

हे मी त्या वेळी कोणाला बोलले नाही. बंकरमध्ये गेले.

रिकाम्या खोलीत उभी राहिले. मागच्या भिंतीवर आता नवा पांढरा रंग होता, काही कळायला मार्ग नाही. पण खाली फरशीच्या कोपऱ्यात, रंग देणाऱ्यांनी एपॉक्सी फिरवताना सोडलेले चार गंजके बोल्ट दिसले. काँक्रीटमध्ये पुरलेले. मी टेप काढली. बोल्टांच्या अंतरावरून तिथे काहीतरी बऱ्यापैकी मोठं बसवलेलं असणार, असं दिसत होतं. ग्रॅनाइटइतकं लांब नाही, पण वळणातून येणारंही नाही.

गेनूआबा नेहमीसारखे गेटजवळ बाकड्यावर बसले होते. ते वॉचमन नाहीत, त्यांना कोणी ठेवलेलं नाही. पण जमीन त्यांची आणि बसायची सवय त्यांची, म्हणून बसतात. वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना आत घेऊन आले आणि बोल्ट दाखवले.

"आबा, इथे काय होतं?"

"इंजान व्हतं. आन् त्याच्या पट्ट्यावर कडबाकुट्टी. माज्या बापानं बसीवलेलं. जित्राबांची वैरण हितंच कुटायचो आमी. आन् त्या कोपऱ्यात बियान्याचा बटाटा. थंड ऱ्हायाचा."

"इंजिन आत आणलं कुठून?"

"दारातनं."

"कोणत्या दारातून?"

आबांनी तंबाखूची पुडी काढली, बघितली आणि परत खिशात ठेवली. "दारातनंच, बाई. अजून कुटनं आनणार?" एवढं बोलून ते निघाले. म्हातारा माणूस इतक्या भरभर चालताना मी क्वचितच बघितलाय.

शुक्रवारी सकाळी आठला माझी गाडी गेटवर थांबली, तर आबा बाकड्यावर नव्हते. रस्त्याच्या पलीकडे उभे होते. मला हाताने बोलावलं.

"चा घिऊ," म्हणाले.

टपरीवर चहा घेतला. आबांनी अर्धा कप पिऊन ठेवून दिला.

"त्यो ऑडिटवाला पास न्हाई झाला, तर कंपनी बंद व्हनार, असं पवार बोलत व्हता. खरंय का?"

"बंद नाही होणार लगेच. पण हा पार्ट गेला, तर ही माणसं नाही राहणार."

"आमच्या वाडीतली नऊ पोरं हायती तितं." आबा जरा थांबले. "बाई, मागची भिंत मिलट्रीची न्हाई."

मी कप खाली ठेवला.

"तितं मोटं दार व्हतं. लोखंडी. मिलट्री जाताना काढून घिऊन गेली. इंजान तितनंच आत नेलं. पर येवड्या मोट्या भगदाडाला दार कुटनं आनायचं? आन् बियानं तर चोरीला जायाचं. मग बापानं दगड-इटा लावून भिंत घातली आन् वरून शिमिट लावलं, आक्षी मिलट्रीसारकं. तरी कुनी सब्बल घालील म्हनून भ्या वाटायचं. तवा त्यानं वढ्यातनं एक धोंडा आनला, शेंदूर फासला आन् भिंतीला लावून ठेवला. म्हनला, आता कुनी हात लावत न्हाई."

मला हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं, कारण आबा बोलताना माझ्याकडे न बघता बंकरकडे बघत होते.

"बापानं मरताना श्यपत घातली मला, कुनाला सांगू नगं म्हनून. तवा वाटलं, काय येवडं? पर बाई, आता माजी सून दर आमुशाला दिवा लावती तितं. नातवाचं जावळ तितं काढलं. वाडीतली नवी नवरी आदी तितं जाती. ह्या लोकांस्नी आता मी काय सांगू? तुमचा देव म्हंजी माज्या बापाचं कुलूप हाय, असं सांगू?"

"आबा, तुम्ही नका सांगू. मी काहीतरी..."

"न्हाई." आबा उठले. "तुमी सांगिटलं तर लोक म्हनत्याल शहरातली बाई आली आन् देव खोटा म्हनाली. घरच्या मानसानं सांगाया पायजे."

आणि त्यांनी सांगितलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, बंकरच्या मागे, घारेसाहेबांसमोर, पवारसमोर आणि वाडीतली दहा-बारा माणसं बोलावून आणली होती त्यांच्यासमोर. त्यात त्यांची सूनही होती, डोक्यावर पदर घेऊन. आबांनी एकदाही मान खाली घातली नाही.

पहिले घारेसाहेबच बोलले. "आबा, म्हणजे मी इतकी वर्षं कुलपाला नारळ फोडतोय?"

"सायेब, कुलूप बापानं लावलं," आबा म्हणाले. "देव तुमी केला. वाडीनं केला. ह्या सुनंनं केला. आता त्यो हायेच. फकस्त जागा बदलू या."

सून पुढे आली. मला वाटलं आता ही रडणार किंवा भांडणार. तिने आबांकडे बघितलं आणि विचारलं, "मामंजी, मंग आंगूळ करून आलाव का न्हाई? की तसंच हात लावनार देवाला?"

आबा हसले. मी त्यांना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते सांगता येणार नाही. आबा घरी जाऊन आंघोळ करून आले. दगड त्यांनी स्वतः उचलला, अस्लमभाईंनी मदतीला हात पुढे केला तो घेतला, आणि दोघांनी मिळून तो कंपाउंडच्या कडेच्या कडुनिंबाखाली नेऊन ठेवला. नारळ फुटला. पवारने सगळ्यांना खोबरं वाटलं.

मग मी चौथ्या भिंतीवर हातोडी मारली. बाकीच्या तीन भिंतींवर ती टणटण उसळायची. इथे मऊ मऊ लागली. कडेने मात्र एकदम कडक, आणि वरही कडक. म्हणजे भगदाडाच्या चारी बाजूंची मिलिटरीची चौकट शाबूत होती आणि वरचं वजन ती चौकटच घेत होती. आबांच्या वडिलांची भिंत नुसती मध्ये बसवलेली होती, कशाचाही भार न घेता. तरी मी आतून चार टेकू लावायला लावले. विश्वास ठेवून मी आधीच एक भिंत लिहून बसले होते.

शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवार दुपारपर्यंत भिंत निघाली. साध्या सब्बलीने, म्हणजे पहारीने, आबांचे वडील घाबरत होते तशीच. वरचं प्लास्टर मात्र असं घट्ट आणि गुळगुळीत होतं, की आमच्या गवंड्याने त्याचा एक तुकडा हातात घेऊन बराच वेळ निरखला. मागे सात फुटांचं चौकोनी भगदाड उघडं झालं, कडेला बिजागऱ्यांचे जाड लोखंडी कोयंडे तसेच. शनिवारी चारला ग्रॅनाइट आत गेला. अस्लमभाईंना दहा मिनिटं लागली. कोल्ड स्टोरेजला लावतात तसला जाड पॅनेलचा दरवाजा घारेसाहेबांनी चाकणहून कुठूनतरी मिळवला आणि रात्र पडायच्या आत भगदाडाला बसवला.

रविवारी मशीन थंड झालं, सोमवारी कॅलिब्रेशन झालं, मंगळवारी ऑडिटर आले. मध्यमवयीन, चष्मेवाले, फार न बोलणारे. त्यांनी एकच पार्ट तीनदा मोजायला लावला. दहाला, एकला आणि चारला, सहाही प्रेस चालू ठेवून. पवार सुईकडे असा बघत होता, जणू श्वास घेतला तर रीडिंग बदलेल. तिन्ही वेळा माप तेच. शेवटच्या आकड्यात काय ते थोडं इकडेतिकडे, आणि तेवढं चालतं.

"गुड," ऑडिटर म्हणाले. "या रूमचा स्ट्रक्चरल रिपोर्ट दाखवा."

घारेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. फाइलमध्ये माझा जुना रिपोर्ट होता. चारही भिंती समान दर्जाच्या. आणि समोर चौथ्या भिंतीत सात फुटांचा पॅनेलचा दरवाजा. टायपिंगची चूक म्हणता आलं असतं. नंतर पाठवते म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलंही होतं. पण दाराच्या फटीतून कडुनिंबाखाली बसलेले गेनूआबा दिसत होते, आणि शुक्रवारी त्यांनी अख्ख्या वाडीसमोर जे केलं, ते बघितल्यावर मला ते जमेना.

"हा रिपोर्ट चुकीचा आहे," मी म्हणाले. "चूक माझी आहे. चौथी भिंत मी तपासली नव्हती, अंदाजाने लिहिली. ती आता काढलीय. शुक्रवारची रीडिंग ही आहेत, सुधारलेला रिपोर्ट संध्याकाळपर्यंत देते."

पवारने डोळे मिटून घेतले.

"का नाही तपासली?" ऑडिटरनी विचारलं.

मी खरं कारण सांगितलं. त्यांनी माझी शुक्रवारची रीडिंग एक एक करून वाचली. मग पेन काढून काहीतरी लिहिलं, आणि तो कागद घारेसाहेबांकडे न देता माझ्याकडे दिला. एनसी बंद केली होती. खाली माझ्या नावाने एक ऑब्झर्वेशन होतं, म्हणजे एनसीपेक्षा एक पायरी खालची ताकीद. रिपोर्टमध्ये जे तपासलं नाही ते 'तपासलं नाही' असं लिहावं. सव्वीस वर्षांत मला मिळालेलं हे पहिलं ऑब्झर्वेशन. जाताना ऑडिटर कडुनिंबाजवळ थांबले, बूट काढले आणि हात जोडले. घारेसाहेबांनी त्यांना खोबरं दिलं.

ते ऑब्झर्वेशन मी फाइलमध्ये लावून ठेवलंय. ज्युनियर पोरांना झापताना आता आधी तोच कागद दाखवते. आणि साइटवर कुठे भिंतीशी देव दिसला, तर चप्पल काढते, हात जोडते आणि पहिलं रीडिंग तिथूनच घेते.